देशाकडून सामने किती? एकाच खेळाडूचे दोन-तीन आकडे का असतात?

ऑफसाइडवाला

मंडळी, फुटबॉलच्या राष्ट्रीय संघांच्या जुन्या नोंदी चाळायचा नाद असलेले इथे बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतोय.

सप्टेंबर २०२३ मध्ये नेमारने बोलिव्हियाविरुद्ध दोन गोल केले आणि पेलेचा विक्रम मोडल्याच्या बातम्या झळकल्या. नेमार ७९, पेले ७७. ब्राझीलच्या महासंघाचा हिशेब मात्र वेगळा. त्यांच्या लेखी पेलेचे गोल ९५, कारण ब्राझीलची जर्सी घालून क्लब आणि निवडक संघांविरुद्ध खेळलेले सामनेही ते धरतात. म्हणजे एका हिशेबाने विक्रम मोडला आणि दुसऱ्या हिशेबाने नेमार अजून सोळा गोल मागे होता.

दुसरं उदाहरण इराणच्या अली दाईचं. १ सप्टेंबर २०२१ ला रोनाल्डोने आयर्लंडविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांत दोन हेडर मारले तेव्हा सगळीकडे छापून आलं की दाईचा १०९ गोलांचा विक्रम गेला. जुलै २०२४ मध्ये मेस्सीने कोपा अमेरिकाच्या उपांत्य सामन्यात कॅनडाविरुद्ध १०९ वा गोल केला आणि तो दाईच्या पुढे गेला. पुढे कसा? तर तोवर दाईचे १०८ झाले होते. खेळ सोडून कैक वर्षं झालेल्या माणसाचा एक गोल मधल्या मधे कमी!

आणि मलेशियाचा बचावपटू सोह चिन आन. एकूण सामने २१९, फिफाच्या मोजणीत १९५. हा फरक किरकोळ नाही. मार्च २०२३ मध्ये लिश्टेनश्टाइनविरुद्ध १९७ वा सामना खेळून रोनाल्डोने कुवेतच्या बदर अल मुतावाला (१९६) मागे टाकलं. २१९ धरले असते तर त्या दिवशी विक्रमच झाला नसता. आता रोनाल्डो २१९ च्याही पुढे गेलाय म्हणून हा वाद थंडावला, एवढंच.

तर प्रश्न असा: सामना 'अधिकृत' कोण ठरवतं आणि कशावरून? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शून्यशून्य

वाचनखूण साठवली. चांगला विषय.

थोडक्यात सांगायचं तर दोन्ही बाजूंना देशाचा पहिला, म्हणजे वरिष्ठ संघ असला पाहिजे. दोन्ही महासंघांनी आणि फिफाने तो सामना तसा मानलेला असला पाहिजे. आणि नियमापेक्षा जास्त बदली खेळाडू उतरवलेले नकोत. यातलं काहीही हुकलं की सामना यादीतून बाद.

तिसऱ्या अटीने घेतलेला सगळ्यात मोठा बळी लुकाकूचा. २६ मे २०१४, विश्वचषकाच्या तोंडावर बेल्जियम विरुद्ध लक्झेंबर्ग. बेल्जियम ५-१ ने जिंकलं, लुकाकूची हॅटट्रिक. बेल्जियमने सहाऐवजी सात बदली खेळाडू उतरवले आणि फिफाने सामनाच अनधिकृत ठरवला. हॅटट्रिक गेली, त्या दिवशी उतरलेल्या प्रत्येकाच्या नावावरचा एक सामनाही गेला.

तिसरी_घंटा

म्हणजे चूक प्रशिक्षकाची आणि गोल गेले लुकाकूचे? हा कुठला न्याय!

शून्यशून्य

@तिसरी_घंटा, न्याय वगैरे काही नाही, पण नियमामागे कारण आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये इंग्लंड-ऑस्ट्रेलिया सामना झाला होता. इंग्लंडचे प्रशिक्षक एरिक्सन यांनी मध्यंतराला अकराच्या अकरा खेळाडू बदलले. पहिल्या अर्ध्यात एक संघ, दुसऱ्या अर्ध्यात दुसराच. इंग्लंड १-३ हरलं. त्याच सामन्यात सतरा वर्षांच्या रूनीने पदार्पण केलं आणि त्या काळचा इंग्लंडचा सर्वांत तरुण खेळाडू ठरला. असं चालू दिलं तर एका मैत्रीपूर्ण सामन्यात बावीस-तेवीस जणांच्या खात्यात 'देशाकडून एक सामना' जमा होतो. पुढच्याच वर्षी सहा बदल्यांची मर्यादा आली. हल्ली ती वाढून आठ झाली आहे.

जुना_लायनमन

वरचं सगळं बरोबर, पण खरी मेख ऑलिंपिकमध्ये आहे. जरा सविस्तर लिहितो.

विश्वचषक १९३० मध्ये आला. त्याआधी ऑलिंपिक हीच सगळ्यात मोठी स्पर्धा होती आणि देश आपला उत्तम संघ पाठवत. तिथे वाद नाही. पुढे व्यावसायिक फुटबॉल पसरला आणि ऑलिंपिक मात्र हौशी खेळाडूंपुरतंच राहिलं. पश्चिम युरोपातले देश दुय्यम संघ पाठवू लागले. पूर्व युरोपात कागदोपत्री सगळेच हौशी. कुणी सैन्यात, कुणी कारखान्याच्या पगारपत्रकावर. त्यामुळे त्यांचा पहिला संघच ऑलिंपिकला जायचा. एकाच सामन्यात एका बाजूला देशाचा मुख्य संघ आणि समोर हौशी मुलं, असं चित्र. हा सामना कुठल्या रकान्यात टाकणार?

१९८४ आणि १९८८ ला तर युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या संघांना विश्वचषक खेळलेले खेळाडू आणायलाच बंदी होती. १९९२ पासून २३ वर्षांखालील स्पर्धा झाली आणि प्रश्न मिटला. पण मधल्या काळातले सामने फिफाने नंतर 'अ' दर्जातून (म्हणजे वरिष्ठ संघांच्या सामन्यांतून) काढून टाकले आणि ज्यांची कारकीर्द त्या काळातली, त्यांचे आकडे घसरले. पूर्व जर्मनीचा योआखिम श्ट्राइश घ्या. जर्मन नोंदीत १०२ सामने, फिफाच्या नोंदीत ९८. तिकडे शतकवीर, इकडे नव्वदीत बाद. सोह चिन आनचं प्रकरणही याच जातीचं. मलेशिया १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला होती, पात्रता फेऱ्याही भरपूर खेळली. खेळाडू तेच, जर्सी तीच, फक्त स्पर्धेचं नाव वेगळं.

माझं मत विचाराल तर फिफाचं हे पूर्वलक्षी छाटणं मला पटत नाही. त्या खेळाडूला त्या दिवशी सांगितलं होतं की तू देशाकडून खेळतोयस.

कोपराकिक

लायनमन काका, शेवटच्या वाक्याशी असहमत. भावना ठीक, पण समोरच्याने 'ब' संघ पाठवला असेल तर ते गोल वरिष्ठ संघाविरुद्धच्या गोलांच्या रांगेत कसे बसवायचे? तुलना करायची तर फूटपट्टी एकच हवी. नाहीतर ज्या देशाचा महासंघ उदार, त्याचे खेळाडू थोर.

जुना_लायनमन

अहो, फूटपट्टी एकच हवी हे मान्य. पण ती खेळाडू निवृत्त झाल्यावर का बदलायची? आणि बदलली तर पुरुष आणि महिलांना वेगळी का? महिलांच्या ऑलिंपिकमध्ये पहिल्यापासून, म्हणजे १९९६ पासून, वरिष्ठ संघच खेळतात आणि ते सामने पूर्ण धरले जातात.

रेषेबाहेर

महिलांचा विषय निघालाच आहे तर लिहिते, कारण अशा चर्चांमध्ये तो दुसऱ्या पानावर ढकलला जातो.

सर्वाधिक आंतरराष्ट्रीय सामने कुणाचे, याचं उत्तर रोनाल्डो नाही. ते क्रिस्टीन लिली. अमेरिकेकडून १९८७ ते २०१० या काळात ३५४ सामने. सर्वाधिक गोल कॅनडाच्या क्रिस्टीन सिंक्लेअरचे, १९०. शीर्षकात 'पुरुष' न लिहिता 'जागतिक विक्रम' लिहिणाऱ्यांनी हे दोन आकडे भिंतीवर चिकटवून ठेवावेत.

गंमत म्हणजे लिलीच्या आकड्यातही दुरुस्ती झाली आहे. बरीच वर्षं ३५२ छापलं जायचं, मग जुने सामने तपासताना दोन वाढले. म्हणजे तपासणीत आकडे नेहमी घटतातच असं नाही.

आता महिलांच्या नोंदींतलं सगळ्यात मोठं भगदाड. १९७१ मध्ये मेक्सिकोत महिलांची विश्वस्पर्धा झाली. अंतिम सामना अझ्टेका स्टेडियममध्ये, लाखभर प्रेक्षक. डेन्मार्कने मेक्सिकोला ३-० हरवलं आणि तिन्ही गोल सुझान ऑगस्टेसेन या पंधरा वर्षांच्या मुलीचे. पण स्पर्धा फिफाची नव्हती, म्हणून अधिकृत यादीत या सामन्याला स्थान नाही. इंग्लंडचाही संघ तिथे गेला होता. इंग्लंडच्या महिला संघाचा पहिला अधिकृत सामना मात्र १८ नोव्हेंबर १९७२ चा, स्कॉटलंडविरुद्ध ग्रीनॉकला, ३-२. आधीच्या वर्षी मेक्सिकोत खेळलेल्या मुली त्या हिशेबात येत नाहीत.

लुकाकूची हॅटट्रिक गेली म्हणून हळहळणाऱ्यांनी ऑगस्टेसेनचाही विचार करावा.

तिसरी_घंटा

लाख प्रेक्षक आणि अनधिकृत! मी तर नि:शब्द. लिहीत रहा रेषेबाहेर.

डावापाय

भारताबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी.

सुनील छेत्रीने ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध निरोपाचा सामना खेळला तेव्हा त्याचे १५१ सामने आणि ९४ गोल होते. मार्च २०२५ मध्ये परत आला आणि मालदीवविरुद्ध ९५ वा गोल केला. या आकड्यांत हांगझौच्या आशियाई खेळांमधला बांगलादेशविरुद्धचा पेनल्टी-गोल नाही. २००२ पासून आशियाई खेळांचं फुटबॉल २३ वर्षांखालील झालंय. त्यात काही मोठ्या वयाचे खेळाडू चालतात, छेत्री तसा गेला होता. सामना वरिष्ठ नाही म्हणून गोलही जमेत नाही.

उलट १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदकं वरिष्ठ संघाची. त्यामुळे शैलेन मन्ना, पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी यांच्या खात्यात आशियाई खेळांचे सामने दिसतात, आजच्या पोरांच्या खात्यात दिसणार नाहीत. स्पर्धेचं नाव तेच, पण दर्जा बदलला.

भारताच्याच बायचुंग भुतियाचं काय ते वाचकांनीच ठरवावं. वर्षानुवर्षं १०४ सामने छापून आले. जून २०१८ मध्ये मुंबईत केनियाविरुद्ध छेत्रीचा शंभरावा सामना झाला तेव्हा 'भुतियानंतरचा दुसरा' असंच सगळ्यांनी लिहिलं. सामन्यागणिक काटेकोर यादी लावली की भुतियाचा आकडा ऐंशीच्या घरात येतो. मग पहिला शतकवीर कोण? छेत्रीच.

नेव्हिल डिसूझाची १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधली ऑस्ट्रेलियाविरुद्धची हॅटट्रिकही आहेच. भारत ४-२ ने जिंकला, पुढे चौथा आला. लायनमन काकांनी सांगितलेल्या मधल्या काळातला सामना. ती कुठल्या रकान्यात टाकायची?

कोपराकिक

डिसूझाला हात लावायचा नाही. 😀 ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई म्हणून त्याची नोंद आहे ती आहे. ऑलिंपिकचा विक्रम ऑलिंपिकच्या यादीत राहतोच. त्याला वरिष्ठ सामन्यांच्या बेरजेत ओढायची गरज काय?

चौथा_पंच

उशिरा आलो. पूर्ण खेळला गेलेला आणि तरी पुसलेला सगळ्यात जुना प्रसिद्ध सामना माझ्या माहितीत ५ एप्रिल १९०२ चा आहे. स्कॉटलंड-इंग्लंड, ग्लासगोचं आयब्रॉक्स. सामना चालू असताना लाकडी गॅलरीचा भाग कोसळला आणि लोक खाली पडले. पंचवीस माणसं गेली. खेळ थोडा वेळ थांबवून पुन्हा सुरू केला, कारण सगळा जमाव एकदम बाहेर लोटला असता तर आणखी अनर्थ झाला असता. सामना १-१ सुटला. नंतर दोन्ही संघटनांनी तो अनधिकृत ठरवला आणि महिनाभराने बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर पुन्हा खेळवला. अधिकृत यादीत फक्त तो दुसरा.

युद्धकाळाचंही तेच. स्टॅन्ली मॅथ्यूजच्या नावावर ५४ सामने. १९३४ ला पहिला, १९५७ ला शेवटचा, वय ४२. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंड जे सामने खेळलं त्यांना कॅप (अधिकृत सामना खेळल्याची नोंद, मूळची टोपी) दिली गेली नाही आणि मॅथ्यूज तसे २९ सामने खेळला आहे. बिली राइट १९५९ मध्ये शंभर सामन्यांचा जगातला पहिला मानकरी झाला, त्याची कारकीर्द युद्ध संपल्यावरची. मॅथ्यूजची ऐन भराची वर्षं कोरी गेली. टॉमी लॉटनचंही तसंच, २३ सामन्यांत २२ गोल, युद्धातले वेगळे.

ऑफसाइडवाला

क्या बात है चौथा पंच! कॅपवरून आठवलं, स्कॉटलंडमध्ये कॅप हा प्रकार आणखी विचित्र होता ना?

चौथा_पंच

हो. खरीखुरी टोपी, मखमलीची, गोंडा लावलेली. १९७० च्या दशकापर्यंत स्कॉटलंड ती फक्त इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंडविरुद्धच्या सामन्यांसाठी देत असे. विश्वचषक खेळलात तरी टोपी नाही! स्ट्युअर्ट इम्लाक नावाचा विंगर १९५८ मध्ये स्कॉटलंडकडून चार सामने खेळला, त्यात स्वीडनमधला विश्वचषक आला. टोपी एकही नाही, कारण शेजारच्या देशांविरुद्ध तो उतरलाच नाही. सामने नोंदीत होते, वस्तू हातात नव्हती. त्याच्या मृत्यूनंतर मुलाने पाठपुरावा केला आणि २००६ पासून संघटनेने अशा जुन्या खेळाडूंना किंवा त्यांच्या घरच्यांना टोप्या द्यायला सुरुवात केली.

निवृत्त_गोली

नुसता वाचत होतो, पण एक मुद्दा राहतोय. सगळे नियमांवर बोलतायत. निम्मे घोळ नियमांचे नसून नोंद ठेवण्याचे असतात.

जुन्या सामन्याची एक ओळ भरायला काय लागतं बघा. तारीख, ठिकाण, प्रतिस्पर्धी, निकाल, अकरा नावं, बदली कोण आणि कितव्या मिनिटाला. वर्तमानपत्रात बहुतेक वेळा निवडलेला चमू छापलेला असतो, प्रत्यक्ष उतरलेले अकरा नसतात. ८५ व्या मिनिटाला आलेला बदली खेळाडू वृत्तान्तात येतच नाही, कारण वार्ताहर तोवर मजकूर पाठवून मोकळा. एकाच आडनावाचे दोन भाऊ संघात असले की गोल कुणाच्या नावावर गेला ते देवाला ठाऊक. अरबी नावं रोमन लिपीत चार प्रकारे लिहिली जातात, मग एकाच माणसाच्या दोन ओळी होतात. तारीख स्थानिक की दुसऱ्या खंडातली, यावरून एक सामना दोनदा चढतो.

सौदीचा गोलकीपर मोहम्मद अल दियाया २००६ च्या विश्वचषकाला गेला तेव्हा त्याचे १८१ सामने सांगत. फिफाच्या यादीत १७८. अशा वेळी मी एकच विचारतो, सामन्यागणिक यादी कुठे आहे? नुसती बेरीज सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही, मग तो महासंघ का असेना. १९९४ मध्ये इंटरनेटवरच्या काही हौशी मंडळींनी आरएसएसएसएफ हा फुटबॉलच्या आकडेवारीचा संग्रह सुरू केला. त्यांचं मोठं काम हेच. शंभरीवाल्यांच्या याद्या ते तारीखवार देतात, शंकास्पद सामन्यावर खूण करतात. बेरीज पटली नाही तर कुठल्या ओळीवर भांडायचं ते तरी कळतं.

तिसरी_घंटा

+१. जाता जाता, खोटा सामनाच कुणी खेळला असेल तर?

शून्यशून्य

झालंय तसंही! ७ सप्टेंबर २०१०, बहरीन विरुद्ध टोगो. बहरीन ३-० ने जिंकलं. बहरीनचे प्रशिक्षक म्हणाले, समोरच्यांना नव्वद मिनिटं खेळायचा दमच नव्हता. चौकशीत निघालं की टोगोच्या महासंघाने संघ पाठवलाच नव्हता, कुणीतरी तोतया अकरा उभे केले होते. बहरीनचे खरे खेळाडू, खरे गोल, आणि प्रतिस्पर्धी बनावट.

डावापाय

हा हा, तोतयांची बखर!

मला एक शंका आहे. देशच नाहीसा झाला तर विक्रम कुणाचा? ओलेग ब्लोखिन कीव्हचा, कारकिर्दीतली बहुतेक वर्षं दिनामो कीव्हकडून खेळला. सोव्हिएत संघाकडून ११२ सामने, ४२ गोल, दोन्ही विक्रम.

जुना_लायनमन

फिफाच्या लेखी सोव्हिएत संघाचा वारस रशिया, त्यामुळे ते आकडे रशियाच्या इतिहासात जातात. युक्रेनच्या यादीत पहिलं नाव शेवचेन्कोचं, ४८ गोल. १९८६ च्या विश्वचषकातल्या सोव्हिएत संघात निम्म्याहून जास्त दिनामो कीव्हचे होते, तरी हिशेब असा. युगोस्लाव्हियाचा वारसा सर्बियाकडे. देयान स्टान्कोविच १९९८ ला युगोस्लाव्हिया, २००६ ला सर्बिया-माँटेनेग्रो आणि २०१० ला सर्बिया अशा तीन नावांखाली विश्वचषक खेळला, पण नोंदीत एकच सलग कारकीर्द. प्रोसिनेच्कीचं उलट. १९९० ला युगोस्लाव्हियाकडून गोल, १९९८ ला क्रोएशियाकडून गोल, आणि खाती दोन वेगळी. दोघांची सुरुवात युगोस्लाव्हियाच्या जर्सीत, पण एकाची बेरीज होते, दुसऱ्याची होत नाही.

कोपराकिक

मग ज्यांनी स्वतःहून देश बदलला त्यांची बेरीज करायची का? पुष्काशचे हंगेरीकडून ८५ सामन्यांत ८४ गोल आणि स्पेनकडून ४ सामने.

निवृत्त_गोली

खेळाडूच्या पानावर करा, देशाच्या यादीत करू नका. कुबाला चेकोस्लोव्हाकियाकडून ६, हंगेरीकडून ३ आणि स्पेनकडून १९ सामने खेळला. वैयक्तिक बेरीज २८, पण कुठल्याही देशाच्या यादीत २८ लिहिलं तर ते खोटं. दि स्टेफानोचं अजून किचकट आहे. अर्जेंटिना ६, स्पेन ३१. मधे कोलंबियाच्या जर्सीत ४, तेव्हा तिथली लीग फिफाच्या बाहेर होती म्हणून ते चार कुठेच धरत नाहीत. मी माझ्या वहीत ते वेगळ्या शाईने लिहितो.

ऑफसाइडवाला

@निवृत्त_गोली, वहीतलं ते पान इथे टाका ना. कोलंबियाच्या चारही सामन्यांच्या तारखा आणि प्रतिस्पर्धी हवेत.